रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हॉटेलात जेवायला नेऊ नये, असं माझी मुलगी म्हणते. तिचं खोटं नाही. मी मेनूकार्ड नंतर उघडतो. आधी गल्ल्यावर कोण बसलंय ते पाहतो. मालक आहे की पगारी मॅनेजर, टेबलं किती, त्यातली भरलेली किती, पाणी द्यायला येणारा पोरगा घरातला आहे की बाहेरचा, हे सगळं टिपून मनातल्या मनात दिवसाचा धंदा काढतो. त्यातून भाडं, गॅस, पगार वजा करतो आणि हप्ता भरायला किती उरतील याचा अंदाज बांधतो. तेवढ्यात जेवण गार झालेलं असतं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला लेखकही म्हणू लागले आहेत, पण ही खोड गेलेली नाही. कदाचित ती लेखकाचीच खोड असेल आणि बँकेने मला तिचा पगार दिला असेल.

तर अशा या खोडीसकट, काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात मुलीकडे गेलो असताना, मी तिच्यामागे लकडा लावला की मला सॅन बर्नार्डिनोला ने. तिला नवल वाटलं. अर्वाइनहून सॅन बर्नार्डिनोला जायचं म्हणजे तास-सव्वातासाची गाडी, आणि पाहण्यासारखं तिथे काही नाही असं सगळे सांगतात. मुंबईहून आलेल्या पाहुण्याने हट्ट धरून डिस्नेलँडऐवजी भुसावळला जाण्यासारखाच तो प्रकार. पण मी गुस्ताव्हो अरेयानो या पत्रकाराचं २०१२ साली आलेलं ‘टाको यूएसए’ हे पुस्तक वाचलं होतं, आणि त्यातलं एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ते प्रकरण एका खानावळीचं होतं. खानावळ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. रेस्टॉरंट म्हटलं की पांढरे टेबलक्लॉथ डोळ्यांसमोर येतात, आणि ज्या जागेबद्दल मी लिहितो आहे तिचा जीव खानावळीचा आहे.

तिचं नाव मित्ला कॅफे. माउंट व्हर्नन अॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर ती १९३७ पासून उभी आहे आणि ती सुरू करणाऱ्या बाईंचेच वंशज आजही ती चालवतात. बाईंचं नाव लुसिया रॉद्रिगेस. मेक्सिकोतून आलेल्या. मित्ला हे मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका प्रांतातल्या एका प्राचीन स्थळाचं नाव. नावाचा मूळ अर्थ मृतांचं ठिकाण असा लावतात. खानावळीला असं नाव देणारी माणसं आपल्याकडे सापडायची नाहीत, पण मेक्सिकन माणसाचं मृतांशी नातं आपल्यापेक्षा मोकळं आहे. तो त्यांना वर्षातून एकदा घरी बोलावतो आणि आवडीचं खाऊ घालतो. एका अर्थी आपला पितृपक्षच, फक्त गाण्याबजावण्यासकट.

१९३७ हे साल नीट लक्षात घ्यायला हवं. मंदीची वर्षं. काम नाही म्हटल्यावर कुणाला तरी हाकलायचं, या न्यायाने त्या दशकात अमेरिकेतून लाखो मेक्सिकन माणसांना आगगाड्यांत आणि ट्रकांत बसवून सीमेपार धाडण्यात आलं. त्यांत अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्याने तिथले नागरिक असलेले, कितीतरी होते. जी राहिली ती सांता फे रेल्वेच्या कारखान्यात, संत्र्यांच्या बागांत, फळं बांधण्याच्या शेडमध्ये राबत होती. सॅन बर्नार्डिनोची वेस्ट साइड ही त्यांची वस्ती. रुळांच्या अलीकडे ते, पलीकडे बाकीचे. आणि या वस्तीतून शिकागोहून सांता मोनिकाला जाणारा तो प्रसिद्ध रूट ६६ जात होता. म्हणजे दाराशी हातावर पोट असलेली वस्ती आणि त्याच दारावरून देशभराची वाहतूक. मी शाखाधिकारी असतो तर जागेच्या रकान्यात ‘उत्तम’ असा शेरा मारला असता. पुढच्या रकान्यांचं काय झालं असतं ते नंतर सांगतो.

बाईंच्या हाताचा जो पदार्थ पुढे जगभर गेला त्याला म्हणतात टाको दोरादो, म्हणजे सोनेरी टाको. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी. पण आपल्यासारखं कोरडं पीठ दळून ती करत नाहीत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, टरफलं धुऊन काढायची आणि मग तो वाटायचा. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. ही युक्ती न शिकता नुसता मका घेऊन गेलेले युरोपातले गरीब पुढे पेलाग्रा नावाच्या रोगाने पिढ्यान् पिढ्या खंगले. मेक्सिकोतल्या बायकांना हे हजारो वर्षं ठाऊक होतं, त्याला नाव नव्हतं एवढंच. तर ही भाकरी दुमडून, आत खिमा भरून तेलात कुरकुरीत तळायची, वर सॅलडची पानं, टोमॅटो आणि किसलेलं पिवळं चेडर चीज. यातलं चेडर मेक्सिकोचं नाही, इंग्लंडकडून अमेरिकेत आलेलं. ती करकरीत पानंही अमेरिकेच्या मळ्यांतली. शुद्धतेची नोंदवही घेऊन बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बाईंनी आईकडून आलेली कृती घेतली आणि शेजारच्या किराणा दुकानात जे स्वस्त मिळत होतं ते तिच्यात घातलं. खाणाऱ्यांच्या तोंडाला ते लागलं. पाककलेचा इतिहास बराचसा असाच लिहिला गेला आहे, आणि तो लिहिणाऱ्यांच्या हातात बहुधा पेनाऐवजी उलथनं होतं.

आता ते पुढचे रकाने. त्या काळात घरकर्जांसाठी अमेरिकन सरकारच्या एका महामंडळाने शहरांचे नकाशे बनवले होते. चांगल्या वस्त्या हिरव्या, जोखमीच्या लाल. लॉस एंजेलिसच्या नकाशात मेक्सिकन वस्त्या लाल रंगात गेल्या, आणि माणसाच्या चामडीचा रंग हाच जोखमीचा एक निकष होता. बाईमाणसाने नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज मागावं हेही बँकांना रुचत नसे. कर्ज देताना स्त्री-पुरुष असा भेद करू नये, हे सांगणारा कायदा अमेरिकेत १९७४ साली झाला. १९७४! मित्ला तोपर्यंत सदतीस वर्षांची झाली होती. म्हणजे ती वाढली ती बँकेमुळे नव्हे. पहाटे उठून मका वाटणाऱ्या घरच्या हातांवर, आणि रोज संध्याकाळी गल्ल्यात जमणाऱ्या नाण्यांवर वाढली.

अशा जागा नुसत्या जेवणाच्या नसतात. सॅन बर्नार्डिनोच्या पेरिस हिल उद्यानात नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. कर सगळ्यांच्या खिशातून घेतलेला, पण मेक्सिकन वंशाच्या मुलांना तलावात मज्जाव. एका स्पॅनिश वृत्तपत्राचे संपादक इग्नासिओ लोपेझ, एक धर्मगुरू आणि आणखी काही जणांनी नगराध्यक्षांविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. १९४४ साली न्यायमूर्ती यांक्विच यांनी निकाल दिला की ही बंदी घटनेतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. ‘लोपेझ विरुद्ध सेकोंब’ या नावाने तो खटला ओळखला जातो. या लढ्याची खलबतं मित्लाच्या टेबलांभोवती झाली, असं त्या गावात सांगतात. दावा लढवणारे वकील डेव्हिड मार्कस यांनीच पुढे शाळांमधल्या विभक्तीविरुद्धचा मेंडेझ खटला लढवला, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळांची पद्धत मोडून काढली त्या वाटेवर मेंडेझ खटला हा एक मैलाचा दगड होता. मराठी माणसाला हे वाचताना महाडच्या चवदार तळ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. मुंबई उच्च न्यायालयाचा डॉ. आंबेडकरांच्या बाजूचा निकाल १९३७ चा. ज्या वर्षी लुसियाबाईंनी चूल पेटवली तेच ते वर्ष. पाण्यावरून माणसांना अडवायची रीत सातासमुद्रापलीकडे कुणी कुणाला शिकवली होती, कोण जाणे.

आणि आता रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक येतं.

ग्लेन बेल हा तिथलाच, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियाचा, १९२३ चा जन्म. घरची परिस्थिती बेताची. दुसऱ्या महायुद्धात मरीन म्हणून गेला, परत आला, आणि १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोत त्याने हॉट डॉगची टपरी टाकली. हे गावही मोठं मजेचं. त्याच गावात, त्याच वर्षी, मॅक्डॉनल्ड नावाच्या दोन भावांनी आपलं चालतं हॉटेल काही महिने बंद ठेवून कारखान्यासारखं नव्याने उघडलं होतं. मोजके पदार्थ, वाढपी नाहीत, तयार हॅम्बर्गर तत्काळ हातात. जगाची जेवायची तऱ्हा बदलणारे दोन धंदे एकाच रेल्वेच्या गावात, चालत जाण्याच्या अंतरावर जन्मले, आणि आज त्या गावात पाहण्यासारखं काही नाही असं लोक म्हणतात!

१९५० च्या सुमारास बेलने आपली नवी टपरी टाकली ती नेमकी मित्लाच्या समोर. हॅम्बर्गर विकता विकता तो पाहायचा की समोर रांग आहे. मग धंदा आवरला की तोही रस्ता ओलांडून रांगेत उभा राही, टाको घेई, आणि परत येऊन तसा टाको जमवायचा प्रयत्न करी. जमेना. अखेर त्याची रोजची हजेरी पाहून मित्लाच्या लोकांनीच त्याला आत बोलावलं आणि टाको कसा करतात ते दाखवलं, असं त्या घरातली माणसं सांगतात. मला या गोष्टीतला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. चोराला कुणी स्वयंपाकघरात बोलावत नाही. शेजाऱ्याला बोलावतात.

बेलने तिथे जे पाहिलं ते मात्र स्वयंपाक्याच्या नजरेने पाहिलं नाही. त्याच्या आठवणींवरून लिहिलेल्या चरित्रात एक तपशील आहे. मेक्सिकन हॉटेलांत तोर्तिया आधी भरत, मग टूथपिकने टोचून तळत. रुचकर, पण डझनभर टाको हवे असतील तर ताटकळत बसा. बेलने कागदावर एक आकृती काढली आणि कोंबड्यांचे खुराडे बनवणाऱ्या एका कारागिराकडून तारेची जाळी करून घेतली. तिच्यात सहा तोर्तिया एका वेळी दुमडलेल्या तळून निघत. कवच आधीच तयार, गिऱ्हाईक आलं की फक्त भरायचं. हॉट डॉगवर घालायचा रस्साच त्याने थोड्या फरकाने टाकोत घातला. किंमत एकोणीस सेंट. पुढे १९५४ मध्ये ‘टाको तिआ’, मग भागीदारीत ‘एल टाको’, आणि १९६२ मध्ये डाउनी गावात स्वतःच्या आडनावाचं पहिलं ‘टाको बेल’. १९७८ साली त्याने ८६८ दुकानांची ही साखळी पेप्सी कंपनीला विकली. मोबदला, सुमारे साडेबारा कोटी डॉलरचे शेअर. २०१० च्या जानेवारीत तो वारला, आणि त्याच वर्षी बंगळुरूत टाको बेलचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं. आता जगभरात दुकानांची संख्या आठ हजारांच्या वर आहे. मित्लाची संख्या, एक.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारे दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, लुटलं हो बिचारीला! दुसरा म्हणतो, यात काय बिघडलं, पाककृतीवर कुणाची मालकी असते का? मी दोघांनाही हात जोडतो. मालकी नसते हे खरं, पण म्हणून कुणाचीच नसते असं नाही. न्यूयॉर्कमध्ये हॉटेल चालवणाऱ्या हुवेन्सिओ माल्दोनादो या मेक्सिकन माणसाने टाकोची कवचं तळण्याच्या यंत्राचं पेटंट १९५० साली मिळवलं होतं. अर्ज १९४७ चा, म्हणजे बेलच्या जाळीच्या आधीचा. थोडक्यात, यंत्राला मालक मिळाला. चवीला मिळत नाही. बाईच्या बोटांना कळणारा पिठाचा घट्टपणा कागदावर उतरत नाही, म्हणून तो कायद्याच्या लेखी मालमत्ता नाही, आणि मालमत्ता नाही म्हणून तारण नाही. जाळीचं चित्र काढता येतं. ज्याचं चित्र काढता येतं त्यावर कर्ज मिळतं. आमच्या व्यवसायाचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आलं, आणि ते मी छत्तीस वर्षं इमानेइतबारे पाळलं.

१९९४ साली मी इचलकरंजीला शाखाधिकारी होतो. यंत्रमागांचं गाव. दोन पाळ्यांत चालणारे माग, परगावाहून आलेले कामगार, आणि गल्लीगल्लीत त्यांच्या खानावळी. आमच्या शाखेच्या मागच्या गल्लीत एक मावशी खानावळ चालवत. चाळीसेक मेंबर. मीही तिथेच जेवायचो, कारण बायकोची नोकरी पुण्याला होती. महिन्याचे पैसे आगाऊ, खाडे असतील तर ते वजा. खाड्यांचा हिशेब मावशी भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवत आणि तो कधी चुकलेला मी पाहिला नाही. एकदा मीच त्यांच्याशी हुज्जत घातली की माझे खाडे सहा आहेत, पाच नव्हेत. त्यांनी शांतपणे, कोणत्या वारी मी जेवलो नव्हतो आणि त्या दिवशी भाजी काय होती, ते सांगितलं. पाचच होते.

एके दिवशी मावशी शाखेत आल्या. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. शेजारची खोली रिकामी होत होती, ती घ्यायची, मोठी भांडी घ्यायची, एक शेगडी वाढवायची. वीस हजार हवे होते. मी फॉर्म काढला. जागा? भाड्याची. दाखला? नाही. हिशेबाच्या वह्या? भिंत. जामीनदार? मावशी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, तुम्हीच रोज जेवताय की माझ्याकडं.’’ मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो. एवढ्या लहान कर्जांना तारणासाठी अडून बसू नका, असं सांगणारी परिपत्रकं तेव्हा येत असत. आम्ही ती फाइलला लावून अडून बसत असू. वसुलीची टक्केवारी हे माझं प्रगतिपुस्तक होतं. मी त्यांना सांगितलं की वरून मंजुरी येणार नाही. वर मी पाठवलंच नव्हतं.

त्याच सहामाहीत, मुख्य रस्त्यावर एका गृहस्थांना हॉटेलसाठी मी चार लाख मंजूर केले. सीएने बांधलेला प्रोजेक्ट रिपोर्ट, सासऱ्यांचं घर तारण, आलेख वर जाणारे. त्यांनी मावशींच्या हाताखालच्या दोन बायका नेल्या, पगार जास्त दिला, आणि पाटीवर ‘घरगुती जेवण’ असं लिहिलं. कर्ज त्यांनी मुदतीत फेडलं. एकही हप्ता थकला नाही. तुम्ही माझी चूक शोधायला गेलात तर कागदावर ती कुठेही सापडणार नाही. मावशींनी महिना शेकडा तीनने सावकाराकडून पैसे घेतल्याचं मला नंतर कळलं. खोली घेतली, भांडी घेतली, आणि माझा जेवणाचा दर वाढवला नाही.

म्हणून बेलला शिव्या देण्याचा हक्क माझ्याकडे नाही. तो रांगेत तरी उभा राहिला होता. मला प्रश्न पडतो तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहणारी ती तिसरी व्यक्ती, जी या कहाणीत कधी दिसत नाही, तिच्याबद्दल. पैसा कुणाकडे वळवायचा हे ठरवणारी. तिला रांग दिसते, पण रांग लावणारा हात दिसत नाही. आता काळ बदलला, असं माझे धाकटे सहकारी सांगतात. २०१५ पासून मुद्रा योजनेत विनातारण कर्जं मिळतात, २०२० पासून फेरीवाल्यांनाही छोट्या कर्जापासून सुरुवात करता येते, आणि मोबाइलवरच्या व्यवहारांमुळे मावशींची भिंत आता बँकेला वाचता येते. हे चांगलंच झालं. मी त्याला नावं ठेवणार नाही. पण या सगळ्या योजनांच्या भाषणांत एक शब्द मला हल्ली वारंवार ऐकू येतो, ‘वाढ’. छोट्याने मध्यम व्हायचं, मध्यमाने मोठं. चाळीस मेंबरांची खानावळ तीस वर्षं चाळीस मेंबरांचीच राहिली, तिने दोन मुलांची शिक्षणं केली आणि गावातली शंभर पोरं उपाशी झोपू दिली नाहीत, तर आमच्या भाषेत तिला ‘साचलेला उद्योग’ म्हणतात. मित्लाही मग साचलेलीच म्हणायची.

साचणं म्हणजे जागच्या जागी बसणंही नव्हे. आंतरराज्य महामार्ग झाले आणि रूट ६६ ची वाहतूक दुसरीकडे वळली. १९८५ साली त्या रस्त्याचं नावच अधिकृत यादीतून काढलं. शेजारच्या फाँटानातला कैसरचा पोलाद कारखाना त्याच दशकात बंद झाला, १९९४ मध्ये नॉर्टनचा विमानतळ हवाई दलाने सोडला, आणि २०१२ साली सॅन बर्नार्डिनो नगरपालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. नगरपालिका बुडाली, खानावळ तरली. कुणी तरी यावर पीएचडी करावी.

सगळ्याच तरत नाहीत हेही सांगायला हवं. त्याच कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला युबा सिटीत एक मेक्सिकन हॉटेल होतं, ‘रसूल्स एल रँचेरो’. गुलाम रसूल हे पंजाबातून गेलेले आणि त्यांच्या पत्नी इनेस आगिर्रे रसूल या मेक्सिकन. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीवर गेलेल्या पंजाब्यांना तिकडे जमीन विकत घ्यायला बंदी होती, बायका देशातून आणता येत नव्हत्या, वंशाबाहेर लग्नाला कायदे आड येत. मेक्सिकन बायकांशी मात्र नोंदणी कचेरीतला कारकून लग्न लावून देई, कारण त्याच्या डोळ्यांना दोघे एकाच रंगाचे दिसत! अशा शेकडो घरांत रोटी आणि तोर्तिया एकाच तव्यावर भाजल्या गेल्या. रसूल दांपत्याने १९५४ साली हॉटेल काढलं आणि त्यांची रोटी-केसादिया, म्हणजे चीज आणि मांस घालून दुमडलेली पोळी, त्या भागात गाजली. १९९३ मध्ये ते हॉटेल बंद झालं. त्याची कुठे साखळी निघाली नाही. ती चव चाळीस वर्षं होती आणि मग नव्हती. मित्लात पुढची पिढी आली म्हणून ती राहिली. तळणीसमोर उभं राहायला घरातलं कुणी तरी तयार असणं, हे खरं भांडवल, आणि त्याचा रकाना अजून कुठल्याही फॉर्मवर नाही. तसं तयार असण्याची सक्ती मुलांवर करावी असं मात्र मी म्हणणार नाही. माझी मुलगी बँकेत गेली नाही याचा मला आनंदच आहे.

दुपारी आम्ही मित्लात पोचलो. बसकी इमारत, आत गर्दी. एका टेबलावर तीन पिढ्या, एकावर कामाच्या बुटांतले चार मजूर. मी सवयीने टेबलं मोजायला सुरुवात केली आणि मुलीने टेबलाखालून पाय मारला. टाको आला. तोर्तियाचा कडा मोडल्याचा आवाज, आत वाफाळता खिमा, आणि वर चीजचा डोंगर. चवीची वर्णनं मला जमत नाहीत. एवढंच सांगतो की पुण्यात एका मॉलमध्ये टाको बेलचा टाको मी खाल्ला होता, तोही वाईट नव्हता. पण तो खाताना मला कुणाचीच आठवण आली नव्हती. घरची मंडळी बेलबद्दल वर्तमानपत्रांशी बोलली आहेत, त्यात मला कडवटपणा कुठे दिसला नाही. धडपड्या माणूस होता, चांगलं झालं त्याचं, असा एकूण सूर.

परतताना अर्वाइनमध्ये मुलीने टाको बेलच्या मुख्य कार्यालयावरून गाडी घेतली. डाउनीचं ते पहिलं दुकान पाडायची वेळ आली तेव्हा कंपनीने २०१५ साली ती अख्खी इमारत ट्रकवर चढवून, रात्रीच्या वेळी, इथे आपल्या आवारात आणून ठेवली. चारशे चौरस फुटांचं लहानसं घरकुल. आपला आरंभ जपावा असं मोठ्यांनाही वाटतं, हे मला आवडलं. २०२३ साली याच कंपनीने ‘टाको ट्यूसडे’ हे शब्द एका दुसऱ्या साखळीच्या मालकीचे असू नयेत, ते सर्वांचे असावेत, म्हणून अर्ज केला होता आणि ते शब्द मोकळे झालेही. टाको सर्वांचा आहे, हे म्हणायला कुणाची हरकत असणार? मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आता हसू नका.’’

इचलकरंजीहून माझी बदली झाली त्या रात्री मावशींनी प्रवासासाठी डबा बांधून दिला होता. भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘‘डबा तेवढा परत पाठवा.’’ चार पुड्यांचा, पितळी कड्यांचा, झाकणावर त्यांचं नाव ठोकून घातलेला. पाठवू पाठवू म्हणत राहिलो. आमच्या घरी त्यात धणे ठेवतात.